कोकणात देशी गाय-बकरी पाळताय? मग या चुका तरी टाळा

दरवर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मला तेच फोन सुरू होतात. बकरी हगवणीने खाली बसली, गाय उलटली म्हणजे रेतन करूनही गाभण राहिली नाही, घाटावरून आणलेली चार जनावरं मेली. कुडाळ तालुक्यात आमच्या वाडीत मी गेली चौदा वर्षं कोकण कन्याळ बकऱ्या आणि तीन कोकण कपिला गायी, दोन्ही इथल्याच देशी जाती, सांभाळतोय, आणि खरं सांगायचं तर यातले निम्मे फोन एक-दोन चुकांमुळेच येतात म्हणून आज बसून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक, आपल्या लहान गायीला मोठ्या जातीचं रेतन करणं.

आमच्या परसापलीकडे एक काकी राहतात. नवरा गेला, मुलगा मुंबईला कंपनीत, हिच्याकडे दीड गुंठा परस आणि एक तांबडी कालवड. पुढे दोन-अडीच लिटर दूध मिळालं असतं, घरचा चहा आणि दोन घरांचा रतीब एवढं तिला पुरलं असतं. कोणीतरी सांगितलं की एचएफचं, म्हणजे होल्स्टीन या मोठ्या विदेशी जातीचं, भरवा, पुढची पाडी बारा लिटर देईल. पहिल्या वेताची कालवड, माझ्या कमरेएवढीसुद्धा उंच नाही. जुलैत रात्री कळा सुरू झाल्या, वासराचे पुढचे दोन पाय बाहेर आले आणि डोकं अडकलं. बाहेर धो धो पाऊस, कॉजवेवरून पाणी, डॉक्टर पलीकडे उभे आणि आम्ही अलीकडे, फोनवर ते सांगतायत तसं मी आणि अजून दोघं करतोय, तेल लावून, कळ आली की ओढायचं, कळ थांबली की थांबायचं. पहाटे वासरू निघालं ते मेलेलं. गाईच्या मागच्या पायांतला जोर गेला तो परत आलाच नाही. चौथ्या दिवशी ती गेली. काकी गोठ्याच्या दारात बसून एवढंच म्हणाल्या, "आता मी काय करू रे झिला?" मला अजून त्याचं उत्तर देता आलेलं नाही.

म्हणून माझी सवय सांगतो. रेतन करायला कोणी आलं की मी ती वीर्याची नळी हातात घेऊन बघतो, तिच्यावर वळूचा नंबर आणि जात छापलेली असते. वाचता येत नसेल तर विचारा, लाजू नका, गाय तुमची आहे. पहिल्या वेताच्या कालवडीला तर मोठ्या जातीचं कधीच नाही. आणि वेळ पाळा, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, नाहीतर एकवीस दिवसांनी पुन्हा तेच.

संकरित गाय वाईट असं मी म्हणत नाही. ज्याच्याकडे बारमाही पाणी आहे, हिरवा चारा आहे, खिशात औषधाला पैसे आहेत त्याने खुशाल पाळावी. पण आपल्याकडे दिवाळीनंतर सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत वाळून जातं आणि मग राहतो भाताचा पेंढा, त्या पेंढ्यावर बारा लिटरची गाय उभी राहत नाही. वर गोचीड, वर गोचिडाचा ताप. कपिला त्याच कातळावर चढून चरते आणि तिन्हीसांजेला घरी येते. दूध कमी आहे हे खरं, पण खर्चही जवळपास नाहीच, आणि ज्याच्याकडे हातात रोख नसते त्याला हाच हिशोब महत्त्वाचा असतो.

दुसरी चूक बकऱ्यांवाले करतात आणि ही बघून माझा खरंच संताप होतो. कळपातला सगळ्यात उंच, सगळ्यात भरलेला बोकड शिमग्याला नाहीतर जत्रेला चांगला भाव आला की पहिला विकायचा. मागे राहतो तो खुरटलेला, ज्याला गिऱ्हाईक नाही तो, आणि तोच पुढे सगळ्या बकऱ्यांना लागतो. तीन वर्षांनी हेच लोक म्हणतात कन्याळ जात बिघडली, आता वाढत नाही. जात नाही बिघडली, तुम्ही चांगला बाप विकून टाकलात. त्यातही तोच बोकड दोन-तीन वर्षं ठेवला की सात-आठ महिन्यांत त्याच्याच पाठी, म्हणजे त्याच्यापासून झालेल्या माद्या, माजावर येतात आणि तोच त्यांना लागतो. मग मेलेली करडं, अशक्त करडं, न वाढणारी करडं. गरिबाला बोकड धरून ठेवणं परवडत नाही हे मला कळतं, शाळेची फी समोर असते. त्यावर आम्ही काढलेला मार्ग असा, चार घरांनी मिळून एक चांगला बोकड राखायचा, वीस-पंचवीस बकऱ्यांना एक पुरतो, त्याच्या खाण्याचा खर्च वाटून घ्यायचा आणि दीड वर्ष झालं की लांबच्या वाडीतल्या बोकडाशी अदलाबदल. नवीन बोकड घेताना मी त्याची आई बघतो, तिला जुळी होतात का, करडांना दूध पुरतं का. निळेलीला कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे, तिथे कन्याळवर काम चालतं, एकदा जाऊन डोळ्यांनी बघून या. काळा रंग, तोंडावर नाकापासून कानापर्यंत पांढरे पट्टे, लांब लोंबते कान, एकदा नजरेत बसलं की बाजारात कोणी फसवत नाही.

व्हिडिओ बघून मे महिन्यात राजस्थानच्या बकऱ्या आणू नका. कोरड्या हवेतलं जनावर, आणि पुढे आपला चार महिन्यांचा पाऊस. घाई असलेल्या नवशिक्यांना हे कितीही सांगा, जुलैत कळतं.

ओल्या जमिनीवर बकरी बसवू नका. पोफळीच्या नाहीतर बांबूच्या पट्ट्यांचा माच करा, खाली लेंडी पडू द्या.

चिकाचा खरवस नंतर. आधी वासराचं पोट भरू दे, पहिल्या एक-दोन तासांतच.

"कपिला म्हणजे तांबडीच" हा हट्ट सोडा, काळ्या, करड्या, मिश्र रंगाच्याही असतात. रंगापायी चांगली काळी कालवड विकणारे लोक मी बघितलेत. गोव्याची श्वेतकपिला ही वेगळी जात.

आणि एक चूक जी कोणाला चूक वाटतच नाही. पशुगणनेला माणूस आला, गाय कुठली विचारलं, की आपण सांगतो "गावठी". तो तसंच लिहून घेतो. कोकण कपिलेची जात म्हणून नोंद 2018 साली झाली, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोत, पण दारात उभी असलेली कपिला आपणच गावठीत घालतो आणि कागदावर जात कमी दिसते. 2024 च्या शेवटी एकविसावी पशुगणना सुरू झाली तेव्हा मी वाडीत घरोघर फिरून सांगितलं, जात सांगा, नाव घेऊन सांगा. कानातला बारा आकडी पिवळा बिल्लाही काढून टाकू नका, जखम झाली तर हळद-तेल लावा, दवाखान्यात दाखवा, पण बिल्ला ठेवा.

घटसर्प, फऱ्या, बकऱ्यांचं आंत्रविषार, पीपीआर म्हणजे बकऱ्यांचा प्लेग, या रोगांच्या लसी पावसाआधी द्यायच्या. मी काजूचा सीझन संपला की पहिलं काम तेच करतो, दवाखान्यात नावं देऊन येतो आणि येताना काकींचं पण नाव घालतो. गेल्या वर्षी त्यांनी माझ्याकडची एक कपिलेची पाडी वाट्याने नेलीय, आता ती माजावर यायला झालीय, आणि वळू कुठला ते त्यांनी आधीच मला दोनदा विचारून घेतलंय.