नवा सभासद दिवाळीपर्यंत टिकवायचा कसा?

रोटरी असो, लायन्स असो की पेठेतलं एखादं सेवा मंडळ, पुण्यात नवे सभासद मिळायला तोटा नाही. पंचाईत पुढे होते. रोटरी-लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, पदग्रहणाच्या उत्साहात चार-पाच जणांच्या कोटाला सभासदत्वाची पिन लागते आणि दिवाळीच्या सुमारास त्यातले निम्मे फोन उचलेनासे होतात. ‘हल्लीच्या लोकांना वेळच नसतो’ हे आपलं ठरलेलं उत्तर. मला ते पटत नाही.

१. स्वागत पाच मिनिटांत उरका. शिकागोत १९०५ साली पॉल हॅरिस यांनी रोटरी कशी सुरू केली, ते माणूस घरी वाचेल.

२. पैशांचं आधीच सांगा. वर्गणी, जेवणाचे, कार्यक्रमाचे वेगळे, सगळं एका कागदावर. नंतर ‘एवढं तर प्रत्येकजण देतोच’ म्हणू नका.

३. सोबती नेमा, पण ज्याने त्याला आणलं तो नको. भिडेखातर आलेला माणूस त्याच मित्राकडे कुरकुर कशी करणार? क्लबात दोन-तीन वर्षं मुरलेला आणि जाण्यायेण्याच्या वाटेवर राहणारा कुणी बघा. एका स्कूटरवरून घरी जाताना जेवढं बोलणं होतं, तेवढं मीटिंगमध्ये वर्षभरात होत नाही.

४. पहिलं काम द्या. सगळी मेख इथे आहे, आणि इथेच मी सपशेल आपटलो होतो.

आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक काका आले. मी तेव्हा सचिव. बँकेतला माणूस म्हटल्यावर मला हर्ष झाला आणि दुसऱ्याच महिन्यात जुन्या पावत्यांची फाइल त्यांच्या हातात दिली. ते नाही म्हणाले नाहीत. चार महिने हिशेब चोख लावून दिला आणि मग यायचे थांबले. पुढे वेताळ टेकडीवर भेटले. दोन्ही हातांत पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन, कुठल्याशा गटाबरोबर रोपांना पाणी घालत होते. म्हणाले, “अहो, पस्तीस वर्षं आकडेमोडच केली की मी. तुम्ही विचारलंच नाहीत.”

तेव्हापासून माझा नियम असा: माणसाच्या पेशातलं काम पहिल्या सहा महिन्यांत द्यायचं नाही. डॉक्टरला तपासणी शिबिरात आणि शिक्षिकेला शाळेच्या प्रकल्पात जुंपू नका. त्यांनी स्वतःहून मागितलं तर गोष्ट वेगळी. ‘तुम्ही काय करता?’ याऐवजी ‘कुठल्या वारी, किती वाजता मोकळे असता?’ असं विचारा.

उलट टोकही वाईट. पालखी पुण्यात मुक्कामाला असताना नव्या माणसाला क्लबचा बॅनर धरून फोटोपुरतं उभं करणं हा शुद्ध अपमान आहे. त्याला वारकऱ्यांना चहा देऊ द्या.

माझ्या मते सर्वांत चांगलं पहिलं काम म्हणजे रक्तदान शिबिरातलं चहा-बिस्किटांचं टेबल. नोंदणीवर नको. तिथे रांग तुंबते; वय १८ ते ६५ मध्ये बसतं का, वजन किमान ४५ किलो आहे का, आधीच्या रक्तदानाला पुरुषांचे ९० आणि बायकांचे १२० दिवस झाले का, हे सगळं बघावं लागतं आणि परत पाठवलेला माणूस नवख्यावर डाफरतो. चहाच्या टेबलापाशी दाता दहा-पंधरा मिनिटं बसतो, गप्पा होतात. शिवाय काम खरं आहे: पहिल्यांदा रक्त दिलेला कॉलेजचा मुलगा चेहरा पांढराफटक पडूनही ‘ठीक आहे’ म्हणत उठू लागतो, त्याला परत बसवायचं, आडवं करून पाय उंच ठेवायचे आणि डॉक्टरला हाक मारायची. असं एकदा केलं, की माणूस घरी जाऊन ते सांगतो.

५. समिती, पद वगैरे वर्षभर नाही. गयावया केली तरी नाही.

६. लागोपाठ दोन मीटिंग चुकल्या तर सोबत्याने फोन करायचा. व्हॉट्सअॅपवर हात जोडलेलं चित्र पाठवणं म्हणजे फोन नव्हे. ‘का आला नाहीत?’ असं विचारू नका, माणूस सबबी शोधायला लागतो. ‘रविवारी सकाळी सातला टेकडीवर चाललोय, तुम्हाला घ्यायला येऊ का?’ एवढं बोला आणि खरंच घ्यायला जा.