आईच्या नावाचं झाड लावताना

आई वैशाखात गेली. सावडायच्या दिवशीच दादाने बांधाकडेला खड्डा घेतला, जवळजवळ सगळी रक्षा त्यात ओतली आणि वर आंब्याचं कलम लावलं. पंधरा दिवसांत ते करपलं. त्या वाळल्या काडीकडे बघताना आई पुन्हा गेल्यासारखं झालं. म्हणून कुणाच्या घरात असा विचार चालला असेल, तर माझं पहिलं सांगणं हेच: दुःखाच्या घाईत झाड लावू नका. थोडी रक्षा मडक्यात घालून तोंडाला फडकं बांधून ठेवा. खड्डा उन्हाळ्यात घ्या, झाड पावसावर लावा. आमच्या माणदेशात मृगाचा भरवसा नसतो, त्यामुळे दोन चांगले पाऊस होऊन जमीन ओलावली की मगच.

झाड माणसाच्या आठवणीतलं असावं, पण जमिनीला मानवणारंही हवं. आम्ही दुसऱ्या खेपेला चिंच लावली. आई उन्हाळाभर ओसरीवर चिंचा फोडत बसायची, अंगठ्याची नखं काळी पडलेली असायची. शिवाय चिंच कमी पाण्यावर तगते आणि शंभर वर्षं सहज उभी राहते. जांभूळ, कडुनिंब, करंज, कवठ हीही चांगली. वड, पिंपळ, उंबर मात्र घर आणि विहिरीपासून लांबच लावा, मुळं भिंतीत शिरतात. जागा स्वतःची असेल तर उत्तम. गायरानात किंवा रस्त्याकडेला लावायचं तर आधी ग्रामपंचायतीत विचारा. उद्या रस्ता रुंद झाला आणि झाड गेलं, तर ते सोसत नाही.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. मुरमाड जमिनीत तीन फूट. वरची माती वेगळी काढा. महिनाभर ऊन खाऊ द्या. भरताना तीच माती, दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी किलोभर लिंबोळी पेंड.

आता रक्षेचं. राखेत क्षार असतात, थेट लागली की कोवळी मुळं जळतात. आमचं कलम त्यानेही गेलं असावं. दोन ओंजळी पुष्कळ झाल्या. त्या तळाच्या मातीत हाताने कालवा आणि वर वीतभर साधी माती येऊ द्या. उरलेली शेतात पातळ पसरा. कालवताना माझ्या बोटांना हाडाचा एक बारीक तुकडा लागला. मी तो तसाच मातीत राहू दिला.

रोप कंबरेएवढं, बुंधा करंगळीएवढा जाड असं घ्या. पिशवी ब्लेडने कापून काढा, तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर छाटा. शेजारी काठी रोवून सुतळी सैल बांधा. भोवती बाभळीच्या फांद्या लावा, नाहीतर शेळ्या एका दिवसात शेंडा खातात.

आणि पाणी कोण घालणार, ते लावायच्या आधी ठरवा. पहिले तीन उन्हाळे महत्त्वाचे. आम्ही बुंध्यापासून हातभर अंतरावर मडकं पुरलं, बुडाला भोक पाडून त्यात सुती वात घातली. आठवड्यातून दोनदा ते भरायचं. सोमवारी दादा, गुरुवारी मी.

नावाची पाटी खोडाला खिळ्याने ठोकू नका. आम्ही मुळाशी एक घडीव दगड ठेवलाय, त्यावर फक्त ‘आई’ कोरलंय.