तुरा आणि मळणीच्या दिवसात दमा, ॲलर्जीवाल्यांनी मास्क कसा वापरायचा

मका, ज्वारी, बाजरीला तुरा आला, बांधावरचं गवत फुलावर आलं की ज्यांना दमा किंवा नाकाची ॲलर्जी आहे त्यांचे हाल सुरू होतात, सटासट शिंका, डोळे चुरचुरणं आणि रात्री छातीत घरघर. ह्या पिकांचे पराग वाऱ्यावर उडतात त्यामुळे नुसतं बांधावर उभं राहिलं तरी नाकात जातात.

मास्कचा उपयोग होतो. गवताचा परागकण साधारण २० ते ४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि एन-९५ मास्क ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा किमान ९५ टक्के अडवतो, पराग त्यापेक्षा खूप मोठा, म्हणून परागासाठी साधा सर्जिकल मास्क पण बऱ्यापैकी चालतो, फक्त गालाजवळच्या फटीतून हवा आत शिरते तिथं सगळं फसतं. नाकावरची पट्टी दाबून बसवा आणि जोरात श्वास सोडून बघा, डोळ्यांकडे हवा लागली तर मास्क नीट बसलेला नाही. दाढी असेल तर एन-९५ पण घट्ट बसत नाही. रुमाल बांधून दम्याच्या माणसानं अजिबात भागवू नये. घामानं मास्क ओला झाला की बदला, आणि शिंका सुरू झाल्यावर नाही तर शेतात शिरायच्या आधीच लावा.

मळणीला, किंवा बुरशी आलेला भुसा-कडबा हलवताना एन-९५च पाहिजे, कारण बुरशीचे कण परागापेक्षा खूपच बारीक असतात. जमलं तर दम्याच्या माणसाला मशीनजवळ उभंच करू नका. फवारणीला मात्र हा मास्क पुरत नाही, औषधाची वाफ त्यातून आरपार जाते, त्यासाठी कार्ट्रिजवाला (वाफ शोषून घेणारी डबी लावलेला) वेगळा मास्क लागतो.

वादळी पाऊस येताना दिसला तर काम टाकून घरात या, खिडक्या लावा. पराग ओले होऊन फुटतात आणि त्यांचे बारीक तुकडे थेट छातीत उतरतात, २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये अशाच एका वादळानंतर हजारो लोकांना श्वासाचा त्रास झाला, काही जण दगावले.

घरी आल्यावर आधी कपडे बदला, मग मास्क काढा आणि अंघोळ करा. डॉक्टरांनी दिलेला दम्याचा रोजचा पंप (इनहेलर) मास्क आहे म्हणून बंद करू नका आणि लगेच आराम देणारा पंप खिशात ठेवा. मास्कमध्ये धाप लागली तर शेताबाहेर येऊन मास्क काढा, पंप घ्या, आणि तरीही एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसायला लागले तर वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.