पाडवा आणि दसरा: स्वतःच्या कामाच्या आढाव्याचे दोन दिवस

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा वडोदऱ्यातील एखाद्या बँकेत नोकरी करणाऱ्याने वरिष्ठांनी वार्षिक मूल्यमापनाचा अर्ज पुढे केल्यावरच स्वतःच्या कामाचा विचार करावा, हे मला पटत नाही. गुढीपाडवा आणि दसरा यांत साधारण सहा महिन्यांचे अंतर असते, त्यामुळे हे दोन दिवस आढाव्यासाठी राखून ठेवावेत.

त्या दिवशी सहामाहीतील कामे परिणामांसह वहीत लिहावीत. ‘देखभालीची जबाबदारी सांभाळली’ एवढ्याने काहीच कळत नाही. यंत्र बंद राहण्याचा वेळ किती घटला, कोणती तक्रार कायमची मिटली, कोणाला काम शिकवून तयार केले, हे लिहिलेले असेल तर पगारवाढीच्या बोलणीत तीच नोंद उपयोगी पडते.

पगाराचे मोजमाप काळजीपूर्वक करावे. महागाई ५ टक्के असताना ६ टक्के वाढ मिळाली, तर खरी वाढ जेमतेम १ टक्का ठरते. शिवाय वार्षिक पॅकेजच्या आकड्यात भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा बहुधा धरलेला असतो, म्हणून हातात येणारी रक्कम पाहावी आणि तुलना याच शहरातील समान कामाशी करावी. पुण्या-मुंबईचे घरभाडे वेगळे असते.

वैयक्तिक उद्दिष्टे मात्र पैशांत मोजू नयेत. आईवडिलांजवळ राहण्यासाठी बाहेरगावची बढती नाकारायची असेल, तर तसे कारणासह स्पष्ट लिहावे. सलग दोन आढाव्यांत जागचे न हललेले उद्दिष्ट लहान करावे, नाहीतर निःसंकोच खोडून टाकावे.