टर्बो बदलायच्या आधी: जुनी मरीना खानदेशात सांभाळताना

सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की गॅरेजवाल्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, टर्बो गेला." टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्तीची हवा कोंबणारा पंखा. बरेचदा तो गेलेला असतोही, पण आपल्या मरणानं मेलेला नसतो. कमी किंवा घाण ऑईल, फिल्टरला चुकवून आत शिरलेली धूळ, तुंबलेला पाइप, यांपैकी कुणीतरी त्याला मारलेलं असतं. ते न शोधता नवा टर्बो बसवला तर तोही त्याच वाटेनं जातो आणि पैसे दोनदा मोजावे लागतात.

टाटाची इंडिगो मरीना, म्हणजे मागे मोठी डिकी असलेली स्टेशन वॅगन, २००४ साली बाजारात आली. खाली लिहिलंय ते तिच्या १४०५ सीसीच्या, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून मोठ्या दाबानं डिझेल देणारी पद्धत) नसलेल्या टर्बो डिझेल इंजिनाबद्दल. स्कोडाची ऑक्टेव्हिया कॉम्बी असेल तर टर्बोची तपासणी हीच, पण ऑईलचा ग्रेड तिच्या पुस्तकात बघूनच घ्या.

आधी धूर ओळखा. निळा म्हणजे ऑईल जळतंय. जोर दिल्यावर काळा म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडतेय: फिल्टर तुंबलाय, होज फाटलाय किंवा डिझेल पंपाचं सेटिंग कुणीतरी वाढवून ठेवलंय. धुळ्याच्या डिसेंबरातल्या सकाळी स्टार्टर मारताना पांढरा धूर आणि खडखड, आणि मिनिटभरात सगळं शांत, असं असेल तर टर्बोकडे बघूच नका, थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे हिटर प्लग तपासा. प्लगांना जोडणारी पट्टी काढायची, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. दिवा लागला नाही तो प्लग मेला.

टर्बो तपासायचा तो रात्रभर उभ्या, थंड गाडीत, इंजिन बंद ठेवून. टर्बोच्या तोंडावरचा हवेचा पाइप काढला की कंप्रेसरचं छोटं चाक आणि मधला नट दिसतो. नट दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. किंचित हलेल, ते चालतं, कारण शाफ्ट ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. फक्त पाती हाऊसिंगला टेकता कामा नयेत. मग तोच नट आत-बाहेर ढकला. ही हालचाल हाताला जाणवली तर शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग झिजलंय आणि टर्बो उतरवावा लागणार. शेवटी टॉर्च मारून पात्यांच्या कडा बघा. कडा बोथट आणि खडबडीत, पॉलिश पेपरनं घासल्यासारख्या दिसल्या तर फिल्टरच्या मागून धूळ येतेय. हाऊसिंगवर चकचकीत ओरखडा असेल तर पाती घासायला लागलीत.

पाइपात ऑईलचा ओशटपणा असतोच, त्याला घाबरू नका. पाइप वाकडा केल्यावर ऑईल ओघळलं तर मात्र आधी टर्बोखालचा परतीचा पाइप आणि इंजिनचा ब्रीदर, म्हणजे आत कोंडलेली हवा बाहेर सोडणारी नळी, बघा. टर्बोतलं सील रबराचं नसतं, पिस्टन रिंगसारखी धातूची रिंग असते. ऑईल आपल्या वजनानं इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये पडत राहिलं तरच ती रिंग पुरते. परतीचा पाइप काजळीनं अर्धा बुजलाय किंवा ब्रीदर तुंबून चेंबरमध्ये हवा कोंडलीय, की धडधाकट टर्बोसुद्धा ऑईल ओकायला लागतो. पाइप साफ करून निळा धूर थांबला तर हजारो रुपये वाचले.

ऑईल १५डब्ल्यू-४० (हा जाडीचा आकडा), सीएच-४ (हा डिझेल ऑईलचा दर्जा) किंवा त्यावरच्या ग्रेडचं, आणि फिल्टरसकट दर ५,००० किलोमीटरला बदला. कच्च्या शेतरस्त्यानं रोज फिरणाऱ्या गाडीला लांबची मुदत परवडत नाही. लेव्हल डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये ठेवा. वर भरून ठेवल्यानं फायदा काहीच नाही, उलट जास्तीचं ऑईल ब्रीदरवाटे टर्बोत जातं.

आता हवेकडे. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि कपाशीच्या हंगामात रस्त्यावर रुईचे पुंजके उडतात. एअर फिल्टर दर ऑईलच्या वेळी काढून बघा. हवा मारायची तर हलक्या दाबानं, आतून बाहेर, आणि तीही दोन-तीनदाच. पंक्चरवाल्याकडची पूर्ण प्रेशरची हवा जवळून मारली की कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. फिल्टर बॉक्सच्या झाकणाची एखादी क्लिप तुटून तिथे तार बांधलेली असेल तर फिल्टर नवा असूनही उपयोग शून्य. बॉक्सच्या स्वच्छ बाजूनं बोट फिरवा; बोटाला माती लागली की समजा.

गाडी ओढत नाही आणि शिट्टीसारखा आवाज येतो, तेव्हा टर्बोपुढचा कुठलातरी होज गळतोय. टर्बोच्या तोंडाला पीव्हीसीची एंड कॅप क्लिपनं आवळा, तिला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून घ्या, ब्रीदरचा पाइप बंद करा आणि १० पीएसआय हवा भरा, १५च्या वर नाही. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी टाका. फुगे येतील तिथला होज बदला. एम-सीलनं लिंपलेला होज पहिल्याच घाटात उघडतो.

टर्बो बदलायचाच ठरला तर ऑईल, फिल्टर आणि टर्बोला ऑईल देणारा बारीक पाइप नवा घ्या. त्या पाइपात आतून कोळसा झालेला असतो, धुऊन तो निघत नाही. त्या पाइपाच्या टोकाच्या पोकळ, म्हणजे बँजो बोल्टची तांब्याची वायसर नवीच हवीत. ऑईलच्या जोडावर सिलिकॉन लावू देऊ नका. त्याचा तुकडा सुटला की थेट बेअरिंगच्या भोकात अडकतो. बसवताना ऑईलच्या भोकातून ताजं ऑईल ओता आणि चाक हातानं फिरवा. मग डिझेल पंपावरच्या, डिझेल चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायर काढून, ऑईलचा लाल दिवा विझेपर्यंत दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. वायर जोडून गाडी सुरू केली की दोन मिनिटं नुसती आयडलवर. या वेळात रेस देऊन "पिकअप" दाखवणाऱ्या मिस्तरीला थांबवा.

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वर चहाला थांबलात तर लगेच चावी फिरवू नका. एक-दोन मिनिटं आयडल चालू द्या. लालभडक तापलेल्या टर्बोत ऑईल थांबलं की तिथेच जळून त्याचा कोळसा होतो.

एक धोका पाठ करून ठेवा. टर्बोतून खूप ऑईल गळायला लागलं तर इंजिन तेच इंधन म्हणून पिऊ लागतं, आपोआप रेस होतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी ब्रेक गच्च दाबा, सर्वात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. बॉनेट उघडून हात घालायला जाऊ नका.

मे महिन्यात जळगाव-भुसावळ ४५ अंशांच्या आसपास जातं, तेव्हा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. इंजिन थंड चालतं, काजळी वाढते आणि गरम व्हायचं खरं कारण तसंच राहतं. ते बहुधा रेडिएटरच्या जाळीत अडकलेली रुई आणि माती असते. इंजिनकडून पुढच्या दिशेनं, साध्या नळीनं धुवा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बोअरचं जड पाणी नको, त्याचा क्षार आत थर धरतो.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा टाइमिंग बेल्ट कधी बदललाय याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा आणि त्याला ताणून धरणाऱ्या टेन्शनरसकट बदला. डिझेल इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात, म्हणजे हेड उतरवावं लागतं.

राहिली डिकी, जिच्यासाठी ही गाडी घेतली. केळीच्या बागेत माल भरायचा तर टायरची हवा दारावरच्या स्टिकरमधल्या भरलेल्या गाडीच्या आकड्याइतकी ठेवा. डिकीचं दार उचलून धरणारे गॅस शॉकअप उन्हानं ढिले पडतात, जोडीनंच बदला. आणि मागे फ्यूज वारंवार उडत असेल तर डिकीच्या बिजागरीजवळचं रबरी नळकांडं सरकवून बघा. उघडझाप करून आतल्या वायरी तिथेच तुटतात. पंधरा वर्षं झालेल्या गाडीच्या फेरनोंदणीला एमएच १८ (धुळे), १९ (जळगाव) किंवा ३९ (नंदुरबार) च्या आरटीओ कार्यालयात जायच्या आदल्या दिवशी हे नक्की तपासा, कारण नंबर प्लेटच्या दिव्याची वायरही तिथूनच जाते.