आधी हात, मग प्रश्न

१०८ रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यातला कॉल. दिंडोरीकडच्या एका मळ्यात एक काका झाडावरून पडले होते. मी धावत गेले, त्यांच्या बाजूला गुडघे टेकले आणि विचारलं, "काका, मान दुखते का?" काकांनी मान डोलावली. 'हो' म्हणायचं तर आपल्याकडे माणूस मान हलवणारच, त्यात त्यांची काय चूक? चूक माझी होती. पडलेल्या माणसाच्या मानेला इजा असेल तर ती हलल्याने आतला मज्जारज्जू दुखावू शकतो, म्हणून आधी डोकं हातांनी धरायचं असतं. सुदैवाने पुढे काही बिघडलं नाही, पण त्या क्षणी माझ्या पोटात आलेला गोळा मला अजून आठवतो. तेव्हापासून माझा क्रम ठरला: आधी हात, मग प्रश्न. रुग्णवाहिकेवर नव्याने येणाऱ्या डॉक्टरांना मी हेच सर्वात आधी सांगते.

जखमीकडे जाताना त्याच्या पायांच्या बाजूने, त्याला दिसेल असं जा. मागून हाक मारली की तो वळून बघणार. चालता चालताच सांगा, "दादा, मी डॉक्टर आहे. डोकं हलवू नका, तोंडानेच बोला." मग डोक्यामागे बसा आणि दोन्ही तळव्यांनी डोकं धरा. बोटं पसरलेली, पण कान मोकळे हवेत. कान झाकले गेले तर त्याला तुमचं बोलणं ऐकू येत नाही आणि तो जास्त घाबरतो. कोपर जमिनीला किंवा स्वतःच्या मांडीला टेकवा. कसारा घाटात एकदा खडीवर बसून मी बराच वेळ असं डोकं धरलं होतं. कोपराला आधार नसता तर माझे हात पाच मिनिटांतच थरथरायला लागले असते, आणि तो थरकाप थेट त्याच्या मानेत गेला असता.

मानेत ७ मणके असतात, आणि तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघणाऱ्या नसा श्वासपटलाला जातात हे आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. समोरचा माणूस "पाय जड वाटतात" म्हणतो तेव्हा त्या पाठांतराचा अर्थ कळतो. पडताना झालेली इजा आपल्या हातात नसते. उचलताना होणारी मात्र पूर्ण आपल्या हातात असते.

आता खरी अडचण. गाडीवर आपण दोघंच, डॉक्टर आणि पायलट, म्हणजे गाडीचा ड्रायव्हर. जखमीला एका रेषेत कुशीवर वळवायला, म्हणजे लॉग रोलला, आणि खाली बोर्ड, म्हणजे त्याला उचलून न्यायची कडक सपाट फळी, सरकवायला किमान चार माणसं लागतात. म्हणजे उरलेली माणसं जमलेल्या गर्दीतूनच घ्यायची. आपण पोहोचेपर्यंत कोणीतरी जखमीला उठवून बसवायला निघालेलं असतं, कोणी पाणी पाजायला आलेलं असतं, कोणी छोटा हत्ती आणून उभा केलेला असतो. त्यांच्यावर ओरडू नका. ही माणसं मदतीलाच आलेली आहेत, त्यांना काम द्या. "कोणीतरी या" म्हटलं की कोणीच पुढे येत नाही, म्हणून बोट दाखवून बोला: "लाल शर्टवाले दादा, तुम्ही खांदा आणि कंबर धरा. टोपीवाले काका, तुम्ही मांडी आणि पाय. पायलट दादा बोर्ड सरकवतील. मी तीन म्हटलं की वळवायचं, त्याआधी नाही." डोकं धरणाराच आकडे मोजतो, बाकी सगळे गप्प. एकदा नुसतं बोलून सराव करून घ्या, अर्धा मिनिट लागतो. पोलिसांच्या चौकशीला घाबरून कोणी मागे सरकत असेल तर सांगा की मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे.

मान जपायची, पण श्वास त्याच्याही आधी. बेशुद्ध माणूस घोरल्यासारखा आवाज करत असेल तर डोकं मागे न झुकवता जबडा पुढे ढकला. तरीही हवा जात नसेल तर थोडं डोकं झुकवावंच लागतं. उलटी आली तर सगळ्यांनी मिळून अख्खं शरीर एकत्र कुशीवर.

नाशिकला रामकुंडाच्या बाजूला पाण्यात सूर मारणाऱ्या पोरांचे कॉल वेगळे. तळाला डोकं आपटलं की मान जाते. श्वास चालू असेल तर पोराला ओढून पायऱ्यांवर आणू नका. पाण्यातच उताणं, तरंगतं ठेवा, डोकं शरीराच्या रेषेत धरा आणि बोर्ड खालून सरकवा. २०२७ च्या सिंहस्थात घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर घसरणारेही असतील. हा सराव आत्ताच करून ठेवा.

कॉलर, म्हणजे मानेचा कडक पट्टा, बसवली म्हणून हात सोडायचे नाहीत. कॉलर घालताना जखमीला दुखलं किंवा मान वाकडीच अडकलेली असेल तर जबरदस्ती नको, आहे त्याच स्थितीत आधार द्या. बोर्डवर पट्टे बांधताना आधी छाती, कंबर, पाय आणि शेवटी डोकं. डोकं आधी बांधलं आणि धड सरकलं तर सगळा ताण मानेवर येतो.

बोर्डवर घेण्याआधी मागचा खिसा तपासा. पाकीट, किल्ल्या, तंबाखूची डबी काढून नातेवाइकांकडे द्या. ज्याची संवेदना गेली आहे त्याला खाली काही टोचतंय हे कळतच नाही, आणि बेडसोअरची, म्हणजे दाबामुळे होणाऱ्या जखमेची, सुरुवात तिथूनच होऊ शकते. म्हणूनच दवाखान्यात पोहोचल्यावर माणूस कडक बोर्डवर तासन्‌तास पडून राहणार नाही, हे स्वतः विचारून घ्या.

बीपी पडलेलं, पण पल्स संथ आणि हातपाय गरम असतील तर मज्जारज्जूचा शॉक, म्हणजे मज्जारज्जूच्या इजेमुळे बीपी पडणं, डोक्यात ठेवा. तरी आधी पोट, छाती, मांड्या तपासून रक्तस्राव नाही ना ते बघा.

निघण्याआधी जखमीला पायाकडे बघू न देता अंगठ्याला हात लावा आणि विचारा, "कुठे हात लावला?" मग बोटं हलवायला सांगा. जे दिसेल ते वेळेसकट लिहा: ४:१० ला दोन्ही पाय हलले, ४:३५ ला डावा हलला नाही. कॅज्युअल्टीत कागद देताना ही ओळ तोंडानेही सांगा, आणि पलीकडच्या डॉक्टरांचे हात डोक्यावर आल्याशिवाय आपले काढू नका.