जुन्या आगगाड्या-ट्रामचे फोटो शेअर करण्याआधी

जुन्या आगगाडीचा किंवा ट्रामचा फोटो हातात आला की आधी तो पालथा करा. पुढची बाजू बघायचा मोह होतो, मलाही होतो. पण पाठीवरची पेन्सिल हाताळून हाताळून पुसली जात असते आणि एकदा गेली की परत येत नाही. मी पाठ आधी स्कॅन करते, कोरी दिसली तरी करते. कोऱ्या वाटणाऱ्या पाठीवर एका बाजूने तिरपा उजेड टाकला की कधी कधी पेन्सिलीचा दाब उमटलेला दिसतो आणि त्यातून इंजिनाचा नंबर निघतो.

एवढा आटापिटा अशासाठी की गाडी कुठली, कुठे, केव्हा आणि कुणी टिपली ही माहिती फोटोबरोबर जायला हवी. ती तुटली की तोच फोटो शेकडो ठिकाणी फिरतो आणि ‘विंटेज ट्रेन’ एवढीच त्याची ओळख उरते. मला त्याचं फार वाईट वाटतं. कुणीतरी तासन् तास रुळांच्या कडेला उभं राहून तो काढलेला असतो, त्याचं नावसुद्धा कुणाला माहीत नसतं.

पाठ आणि चौकट

अमेरिकेतल्या अनेक जुन्या प्रिंटांवर पत्त्याचा रबरी शिक्का असतो. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी अंक असेल, ‘शिकागो ७, इलिनॉय’ अशा धर्तीचा, तर तो शिक्का १९४३ नंतरचा असण्याची दाट शक्यता. मोठ्या शहरांचे पोस्टल झोन देशभर तेव्हा सुरू झाले. पाच आकडी झिप कोड असेल तर १ जुलै १९६३ नंतरचा. मात्र ही तारीख शिक्क्याची झाली. १९३८ च्या निगेटिव्हवरून १९६५ मध्ये प्रिंट काढून त्यावर शिक्का मारायला कुणाची आडकाठी नव्हती.

शिक्क्यावरचा माणूसच फोटोग्राफर असेल असंही नाही. १९३२ मध्ये ६१६ नावाची रोल फिल्म आली. तिची निगेटिव्ह अडीच बाय सव्वाचार इंचांची, म्हणजे एन्लार्जरशिवाय तेवढ्याच आकाराची प्रिंट काढून पाकिटात घालण्याजोगी. रेल्वेवेड्या मंडळींना ती फार सोयीची पडली. प्रिंट तर एकमेकांना पाठवल्या जातच, निगेटिव्हही विकल्या आणि बदलल्या जात. त्यामुळे एकाच इंजिनाचा तोच फोटो तीन वेगळ्या शिक्क्यांनिशी सापडतो. म्हणून फोटोखालची माहितीची ओळ लिहिताना ‘फोटो’ आणि ‘संग्रह’ हे दोन रकाने कायम वेगळे ठेवा. फोटोग्राफर माहीत नसेल तर ‘फोटो: अज्ञात’ असं स्पष्ट लिहा. रिकामी जागा सोडली तर पुढचा माणूस तिथे संग्राहकाचं नाव घालतो.

रंगीत स्लाइड असेल तर पुठ्ठ्याच्या चौकटीची कड बघा. फिल्म धुतल्याचा महिना आणि वर्ष तिथे बऱ्याचदा छापलेलं किंवा दाबून उठवलेलं असतं. फोटो त्या तारखेनंतरचा नाही, एवढंच त्यावरून कळतं. त्याआधी किती, ते कळत नाही. कोडाक्रोम ही कोडाक कंपनीची रंगीत स्लाइड फिल्म. ती धुणारी जगातली शेवटची लॅब कॅन्ससमधल्या पार्सन्स गावात होती. २०१० च्या अखेरीस तिथलं कोडाक्रोमचं काम थांबलं, त्या सुमारास आर्कान्साहून एक रेल्वे कामगार येऊन धुतलेले १,५८० रोल घेऊन गेला. त्यात बहुतेक गाड्याच होत्या. इतके रोल न धुता साठवणारी माणसं या छंदात आहेत, हे चौकटीवरची तारीख वाचताना विसरू नका.

फोटो उलटा तर नाही ना

स्लाइड आणि काचेच्या निगेटिव्ह सहज उलट्या बाजूने स्कॅन होतात आणि डावं-उजवं बदलतं. पाटी वाचता आली तर प्रश्नच नाही. नसेल तर ट्रामचे दरवाजे बघा: उजवीकडून वाहतूक चालते तिथे एकाच दिशेने धावणाऱ्या ट्रामचे दरवाजे उजव्या अंगाला असतात. पुरुषांच्या कोटाचा डावा पल्ला वर असतो. हेही दिसत नसेल तर स्लाइडच हातात घ्या. फिल्मची एक बाजू चकचकीत असते, दुसरी इमल्शनची, म्हणजे चित्र धरणाऱ्या थराची, जरा मंद. कोडाक्रोम दिव्याखाली तिरपी धरली की इमल्शनच्या बाजूला इंजिनाच्या कडा किंचित उठून दिसतात. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा फार आनंद होतो.

एक स्लाइड, काहीही न लिहिलेली

माझ्या संग्रहातली एक स्लाइड सविस्तर सांगते, म्हणजे वाचायचं कसं ते लक्षात येईल. रस्त्यावर गोलसर नाकाची एकच ट्राम, मागे दोन मोटारी, निष्पर्ण झाडं. नंबर वाचता येत नाही. चौकटीवर एप्रिल १९६२.

आधी आकार. ही पीसीसी जातीची ट्राम. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या ट्राम कंपन्यांच्या अध्यक्षांनी समिती नेमून हा नमुना तयार करवून घेतला आणि १९३६ मध्ये ब्रुकलिनमध्ये त्या गाड्या धावू लागल्या. अनेक शहरांत त्या होत्या, तेव्हा एवढ्यावर शहर ठरत नाही. मोठ्या खिडक्यांच्या वर उभ्या प्रवाशांसाठी छोट्या खिडक्यांची दुसरी रांग असेल तर ती गाडी बहुतेक वेळा महायुद्धानंतरची. इथे ती रांग नाही, म्हणजे सांगाडा जुन्या नमुन्याचा.

मग ट्रामला वीज देणारी वरची तार शोधली. भिंग लावून आकाशाचा कोपरान् कोपरा बघितला, तार नाहीच. टपावर तारेतून वीज घेणारा पोल आहे, पण तो खाली बांधलेला. आणि दोन रुळांच्या बरोबर मध्ये एक बारीक फट लांबवर गेलेली दिसते. अशी फट दोन कारणांनी असते. एक, खालून केबल पळते आणि गाडी तिला पकडून चालते, जशी सॅन फ्रान्सिस्कोला. दुसरं, जमिनीखालच्या चरात वीजवाहक पट्ट्या असतात आणि गाडीखालून एक पाते त्या फटीतून आत जातं. पीसीसी ट्राम आणि जमिनीखालून वीज ही जोडी अमेरिकेत वॉशिंग्टनलाच होती. तिथे शहराच्या मधल्या भागात वर तार नव्हती; बाहेर पडल्यावर पोल वर चढवत. शहर ठरलं, शहराचा भागही ठरला.

मागच्या एका मोटारीला समोर चार दिवे आहेत. अमेरिकन मोटारींना चार दिव्यांची पद्धत १९५७-५८ च्या मॉडेलांपासून आली. वॉशिंग्टनची ट्राम २८ जानेवारी १९६२ ला बंद झाली. चौकटीवरचा एप्रिल त्याच्या नंतरचा, म्हणजे रोल काही काळ कॅमेऱ्यात किंवा खणात पडून राहिला होता. झाडांना पानं नाहीत. मी ओळ लिहिली ती अशी: ‘वॉशिंग्टन, शहराचा मध्यभाग. पीसीसी ट्राम, क्रमांक अवाच्य. १९५७ ते जानेवारी १९६२ मधला हिवाळा, बहुधा १९६१-६२. फोटो: अज्ञात. ठिकाण रुळांमधल्या फटीवरून आणि काळ मोटारीवरून व स्लाइडच्या चौकटीवरून ठरवला आहे.’

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. तुम्ही कशावरून म्हणता ते लिहिलंत तर कुणीही ते तपासू शकतो, खोडूनही काढू शकतो.

नवीन वस्तू बोलते, जुनी गप्प असते

तारीख काढताना हा नियम मी कधी सोडत नाही. फोटोतली सर्वांत नवी गोष्ट शोधा, ती खालची मर्यादा देते. डब्यावर अ‍ॅमट्रॅकचं, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीचं, चिन्ह आहे? मग १ मे १९७१ च्या आधीचा फोटो नाही. पेन सेंट्रलचं नाव आहे? १ फेब्रुवारी १९६८ च्या आधीचा नाही. पण पेन सेंट्रलमध्ये विलीन झालेल्या पेनसिल्व्हेनिया रेलरोडचं नाव असलेला डबा दिसला म्हणून फोटो १९६८ च्या आधीचा ठरत नाही. रंग बदलायला वर्षं लागली.

मालगाडीचे डबे यात फार उदार असतात. अमेरिकन डब्याच्या अंगावर तो बांधल्याचा महिना-वर्ष असतं आणि शेवटचं वजन कधी केलं त्याचीही तारीख पांढऱ्या अक्षरांत रंगवलेली असते. इंजिनाचा फोटो असला तरी मागच्या पहिल्या डब्यावर भिंग फिरवा. डब्याच्या बाजूला रंगीत आडव्या पट्ट्यांचा उभा फलक दिसला तर तो डबे यंत्राने ओळखण्याच्या कारट्रॅक पद्धतीचा, १९६७ पासून सक्तीचा झालेला. ती पद्धत पुढच्या दशकात सोडून दिली, फलक मात्र डब्यांवर कितीतरी वर्षं तसेच राहिले.

नंबरावर आंधळा विश्वास नको. युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचं ८४४ हे वाफेचं इंजिन १९४४ चं. १९६२ मध्ये त्याच नंबराचं डिझेल आलं म्हणून याला आणखी एक चार जोडून ८४४४ केलं आणि १९८९ मध्ये पुन्हा ८४४. म्हणजे ८४४४ दिसलं की काळ आयता मिळाला. नंबर नसेल तर चाकं मोजा. १९०० च्या सुमारास फ्रेडरिक व्हाइट यांनी मांडलेल्या पद्धतीत पुढची छोटी, मधली मोठी आणि मागची छोटी चाकं मोजतात. ४-६-२ म्हणजे पॅसिफिक जातीचं इंजिन. फ्रान्समध्ये चाकं न मोजता चाकांच्या जोड्यांचे आस मोजतात, म्हणून तेच इंजिन २३१ होतं. परदेशी प्रिंटच्या पाठीवर २३१ दिसलं तर तो नंबर समजून वाहवत जाऊ नका. मोजणं सोपं जावं म्हणून जुने फोटोग्राफर मोठ्या चाकांना जोडणारा दांडा अगदी खाली येईल अशा क्षणी उभ्या इंजिनाचा फोटो घेत. दांडा खाली आणि सगळी चाकं मोकळी दिसली की समजावं, हा फोटो जाणत्या हाताचा आहे.

रंगाच्या बाबतीत दोन फसवे प्रकार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बऱ्याच फिल्म आणि प्लेटांना लाल रंग दिसत नसे, त्यामुळे लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक इलेक्ट्रिकच्या लाल गाड्या अशा फोटोत जवळजवळ काळ्या येतात आणि आकाश पांढरंफटक. दुसरा प्रकार कारखान्याच्या फोटोंचा: नवं इंजिन फोटोपुरतं मंद राखाडी रंगवत, म्हणजे बारीकसारीक भाग उठून दिसत, आणि मागची पार्श्वभूमी निगेटिव्हवरच झाकून टाकत. ते इंजिन राखाडी रंगात कधी धावलेलं नसतं.

आणि जतन केलेल्या गाड्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या एफ मार्गावर १९९५ पासून पीसीसी ट्राम धावतात आणि त्यांना मुद्दाम इतर शहरांच्या ट्रामचे रंग दिलेले आहेत. हिरव्या-पिवळसर शिकागोच्या रंगातली ट्राम आणि मागे ताडाची झाडं दिसली तर शिकागोचं नाव लिहिण्याआधी थांबा. शिकागोची ट्राम २१ जून १९५८ लाच संपली.

स्कॅन, आणि त्यानंतर न करायच्या गोष्टी

प्रिंटला ६०० डीपीआय पुरतं, ३५ मिमी स्लाइडला ३,००० ते ४,०००. मूळ प्रत टिफ या, दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात ठेवा आणि तिला हात लावू नका. सगळं काम दुसऱ्या प्रतीवर. धूळ फक्त रबरी फुंकणीने उडवा. स्कॅनरची इन्फ्रारेड धूळ-सफाई कृष्णधवल निगेटिव्हला बंद ठेवा, त्यातल्या चांदीच्या कणांनाच ती धूळ समजते. कोडाक्रोमवरही ती कडा बिघडवू शकते. निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर अ‍ॅसिटेट फिल्म खराब होऊ लागली आहे. त्या डब्याचं स्कॅनिंग आधी उरका आणि तो बाकीच्यांपासून वेगळा ठेवा.

फोटो ‘स्पष्ट’ करून देणारी एआय साधनं रेल्वेच्या फोटोंवर वापरू नका, याबाबत मी हट्टी आहे. पुसट ३ चा ठसठशीत ८ होतो, आणि पुढे तोच नंबर खरा म्हणून यादीत चढतो. आपोआप रंग भरणंही तसंच. त्या साधनाला त्या कंपनीचा रंग माहीत नसतो, ते अंदाज करतं, आणि बघणाऱ्याला तो पुरावा वाटतो.

स्लाइड विकत घेतली म्हणजे तिचा कॉपीराइट मिळाला असं नाही. तो सहसा फोटोग्राफरकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतो. नाव माहीत असेल तर परवानगी विचारा. दुसऱ्याने कोपऱ्यात टाकलेलं नाव कापून फोटो पुढे पाठवणं मला चोरीच वाटते.

ओळ फोटोखाली लिहाच, शिवाय फाइलच्या आत आयपीटीसी नावाच्या माहितीच्या रकान्यांतही भरा. काही अ‍ॅप पाठवताना ती माहिती गाळून टाकतात, म्हणून फाइलच्या नावातही कंपनी, नंबर, ठिकाण आणि वर्ष घालावं. मग कुणीतरी सांगतं, ही मोटार ५७ ची नाही, ५८ ची आहे. कशावरून, ते विचारा, पटलं तर ओळ बदला आणि जुनी ओळ खाली ठेवून दुरुस्ती केव्हा आणि कशावरून केली ते लिहा. तीच दुरुस्ती मूळ प्रिंटच्या पाठीवरही करा, कडेला, मऊ पेन्सिलीने, न दाबता. स्लाइड असेल तर पुठ्ठ्याच्या चौकटीवर. बॉलपेन नको; त्याचा व्रण पुढच्या बाजूला उमटतो.